अठ्ठ्याहत्तरावं मिनिट

बसमध्ये माझ्या पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर माझं खोटं छापलेलं होतं. विटकरी शर्ट, त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं: ‘किती झाले?’ खाली बारीक टायपात गेल्या वर्षीची तारीख. रविवारची सकाळ, बस निम्मी रिकामी, तरी हा गृहस्थ दांडीला धरून उभाच, आणि दर वळणाला ती पाठ माझ्या नाकापाशी येत होती. आजवर हे शब्द मैदानात होते. फाटकातून बाहेर पडलं की सुटलो, मग आठवडाभर मी बरा आणि माझं काम बरं, अशी मी आपली समजूत घालून घेतली होती. आता ते तिकीट काढून गावभर हिंडायला लागले होते. गप्प बसायचं, स्टॉप आला की उतरायचं, चालू लागायचं. पण माझी जीभ नको तेव्हा वळवळते, हा माझा जुना रोग. विचारलं, काय हो, हे पाठीवर काय लिहिलंय? तो वळला. तिशीचा, चष्मेवाला, साधा माणूस. त्यानं मला माझीच गोष्ट सांगितली. आमच्या फुटबॉल क्लबचा एक जुना समर्थक होता म्हणे, देवमाणूस. हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता, नळ्याबिळ्या लावलेल्या. त्यानं मैदानावरच्या मित्राला फोन लावला आणि एवढंच विचारलं, किती झाले? मित्र म्हणाला, आपण पुढे आहोत. तर तो हसला आणि गेला. सांगताना ह्यानं चष्मा काढून पुसला. तुम्ही ओळखत होता का त्यांना, मी विचारलं. नाही हो, म्हणाला, हे ऐकलं आणि मगच यायला लागलो. आणि तो मित्र? तो असतो की तिथंच, दर सामन्याला उठून स्कोअर सांगतो, लांबून बघितलंय मी, फार मोठ्या मनाचा माणूस. माझ्या कामाचा स्टॉप यायला अजून दोन बाकी होते. मी तिथंच उतरलो आणि चालत गेलो.

मी कवळ्या बनवतो. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे दहा बाय आठची खोली आहे, तिथं सव्वीस वर्षं बसतो. खिडकी आहे, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, म्हणजे उघडत नाहीच. पेशंट मला कधी दिसत नाहीत, त्यांचे जबडे दिसतात. प्लास्टरचे, फळीवर ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं तारीख. आज रविवार असूनही बारापर्यंत बसायचं होतं, कारण कुणा निवृत्त शिक्षिकेची वरची कवळी उद्या द्यायची होती. मेणात दात बसवत होतो. हे काम मला आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही आणि डोकंही चालवावं लागत नाही, बोटं आपली आपण चालतात. आज बोटं चालेनात. समोरचे दोन दात तिसऱ्यांदा तिरके बसले. एकदा ह्याच खोलीच्या दारात उभं राहून मी डॉक्टरांना विचारलं होतं, अगदी सहज विचारल्यासारखं, की माणसाला अॅटॅक आला आणि त्यानं फोन केला आणि कुणी लगेच धावलं असतं, तर? डॉक्टर टॉवेलला हात पुसत म्हणाले, आपण दातांचे डॉक्टर, पण सांगता येत नाही, वाचतोही माणूस, नाहीही वाचत. ते हात पुसून जेवायला गेले. मी त्या ‘सांगता येत नाही’मध्ये एक वर्ष राहतोय. वाचलाच नसता असं कुणी सांगितलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. वाचलाच असता असं सांगितलं असतं तरी एकदाचा निकाल लागला असता. बायको म्हणते, तुम्ही झोपेत कराकरा दात खाता. तर मी स्वतःच्या दातांचं माप स्वतः घेतलं आणि स्वतःसाठी गार्ड बनवला. तो तोंडात घालून झोपतो. आता आवाज येत नाही, एवढंच.

त्याला आम्ही ब्रेक्या म्हणायचो. मोटार शिकवायचा. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो ना, त्याच्यावर आयुष्य गेलेलं; त्यामुळे मैदानात समोरची टीम आपल्या गोलकडे धावत आली की ह्याचा उजवा पाय सिमेंटच्या पायरीवर करकचून दाबला जायचा. ती पायरी तिथं गुळगुळीत झालीय, खोटं वाटत असेल तर येऊन बघा. आवाज म्हणाल तर आठ रांगा खाली रेफरी मान वळवायचा. पण शिवी नाही. तेवीस वर्षांत मी त्याच्या तोंडून शिवी ऐकली नाही. रेफरीला तो ओरडून म्हणायचा, साहेब, आरसा बघा, आरसा, मागून गाडी येतेय! आणि सगळा स्टँड हसायचा, हरत असलो तरी. आणि आम्ही हरायचोच बहुतेक. आमचा क्लब म्हणजे दुसऱ्या श्रेणीतला, वर जायची ऐपत नाही आणि खाली पडायची लाज. तरी हा माणूस दर रविवारी असा यायचा, की जणू आज काहीतरी होणार आहे. नव्यानं आलेल्या माणसाला स्वतः सरकून जागा द्यायचा, नाव विचारायचा, पुढच्या वेळी त्याच नावानं हाक मारायचा. मला तो दात्या म्हणायचा. एकदा बरोबरीचा गोल झाला तेव्हा आनंदानं पुढच्या कठड्यावर आदळून त्यानं वरचे दोन दात पाडून घेतले. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून माझ्याकडे आला, म्हणाला, तुझं काम आणलंय. ते दोन दात मी केले. रंग जुळवायला तासभर त्याला उजेडात उभा केला, आणि तो तासभर बोलत होता, त्यामुळे रंग काही धड जुळला नाही. डावा किंचित पिवळा राहिला. मी म्हटलं बदलून देतो, तर म्हणाला, राहू दे रे, तेवढीच ओळख. ते दात त्याच्याबरोबर गेले.

नियम त्याचाच. पूर्वी एकदा उपांत्य सामना होता आणि मला मेहुणीच्या लग्नात अडकून पडावं लागलं. न राहवून मी फोन केला, किती झाले रे? तो म्हणाला, एक-एक, आणि त्याच क्षणी समोरच्यांनी दुसरा घातला. ब्रेक्या तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात बोलला तो नियम घेऊनच: दोघांपैकी जो मैदानात नसेल त्यानं शेवटची शिट्टी होईपर्यंत फोन करायचा नाही, स्कोअर विचारायचा नाही, कुणी सांगू लागला तर कान झाकायचे. हसू नका, आम्ही हे पाळलं. माझी आई आजारी होती तेव्हा पाळलं, त्याच्या मुलीची परीक्षा होती तेव्हा पाळलं. मैदानावर कुणाला सांगितलं मात्र नाही, लोक वेड्यात काढतील म्हणून. आमच्या दोघांत होतं ते. दोन जाणते बाप्ये, एक गाडी शिकवतो, एक दात बनवतो, आणि दोघांना मनापासून वाटतं की आपल्या फोनमुळे बॉल जाळीत जातो.

गेल्या वर्षी त्या रविवारी तो आला नाही. एका बाईंची सोमवारी लायसन्सची परीक्षा होती, त्यांना समांतर पार्किंग जमत नव्हतं. आम्ही एक-शून्यनं पुढे होतो, पुष्कळ दिवसांनी. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. समोरच्यांना कॉर्नर. खिशात फोन थरथरला, बघतो तर ब्रेक्या. माझं डोकंच सणकलं. घेतला तो फक्त झापायला म्हणून. तो म्हणाला, “दात्या, ऐक, मला जरा...” आणि मी म्हणालो, “अरे अकलेच्या कांद्या, कॉर्नर आहे त्यांचा! नियम तूच करायचे आणि तूच मोडायचे? ठेव!” आणि मीच ठेवला. कॉर्नर आला, आमच्या गोलकीपरनं वरच्या वर धरला. आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, वेळेवर फोन ठेवला म्हणून वाचलो. उरलेली मिनिटं मी खुशीत होतो. हे मी कुणाला सांगू? फोन ठेवला ते एक वेळ सांगता येईल, पण त्यानंतर मी खुशीत होतो, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं. शिट्टी झाल्यावर मी त्याला फोन लावला, चिडवायला. घेईना. चौथ्यांदा घेतला तो पोलिसानं. बाईंना घरी सोडून ब्रेक्यानं गाडी नीट कडेला लावली होती, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, धोक्याचे दिवे चालू. दिवे बघून लोकांना वाटलं, थांबलाय कुणाची तरी वाट बघत.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात वहिनींच्या हातात त्याचा फोन होता. वहिनी म्हणजे त्याची बायको. त्या रडत नव्हत्या. त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला. शेवटचा फोन दात्याला, अकरा सेकंद. “काय म्हणाले?” एवढंच विचारलं. मागे आमचा टेलर उभा होता, क्लबचे झेंडे शिवणारा, आणखी चार जण होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी म्हणालो, स्कोअर विचारला. किती झाले म्हणाला. मी सांगितलं, एक-शून्य, आपण. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि फोन पर्समध्ये ठेवला. टेलर हमसून रडायला लागला. खोटं बोलायला मला तीन सेकंद लागले असतील. वाटलं, आजच्यापुरतं, ह्या बाईचं ओझं हलकं होऊ दे, उद्या बघू. पुढच्या रविवारी मी मैदानात शिरलो तर कठड्यावर वीस फुटी कापड, किती झाले? अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला सगळा स्टँड उठला आणि एका आवाजात विचारलं, किती झाले? आणि मग सगळे माझ्याकडे वळून थांबले. कारण उत्तर मी दिलं होतं ना. उत्तर देणारा मीच. त्या दिवशी आम्ही शून्य-तीननं मागे होतो. मी उभा राहिलो आणि चार हजार माणसांना ओरडून सांगितलं, शून्य-तीन. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दर सामन्याला हेच. एकदा तापाचं निमित्त करून घरी राहिलो, तर टेलर फळं घेऊन आला, म्हणाला, दात्या, तुझ्याशिवाय ते मिनिट ओकंबोकं गेलं रे, लोक उभेच राहिले, कुणी बोलेना. यायचं बंद करावं तर लोक म्हणतील मित्र गेला आणि हा फिरकत नाही. जावं तर हे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि खरी गोष्ट अशी, की मला धड त्याच्यासाठी रडता येत नाही. रडायला लागलो की मधेच तो ‘मला जरा’ ऐकू येतो. जरा काय? जरा बरं वाटत नाही? जरा येतोस का? दुसरा कुठला शब्द असेल? एक वर्ष मी ते वाक्य पुरं करून बघतोय.

आज वर्ष झालं, आणि आज वहिनी पहिल्यांदाच मैदानात येणार होत्या. टेलरनं जाऊन आमंत्रण दिलं होतं, नवं कापड शिवलं होतं. शिक्षिकेची कवळी तशीच मेणात ठेवून मी हात धुतले, आणि नळाखाली हात धरूनच ठरवलं की आज सांगायचं. बसमधला तो चष्मेवाला डोळ्यांपुढून हलत नव्हता. उद्या आणखी कुणी येईल, तो ब्रेक्याच्या नळ्या वाढवील, शेवटचं हसू वाढवील, आणि खरा ब्रेक्या, गाडी सरळ लावून मला हाक मारणारा, तेवढा माझ्याकडेच राहील, ह्या भिंतीकडे तोंड केलेल्या खोलीत. ते मला झेपत नव्हतं. वहिनींनी तोंडात मारली तरी चालेल, घरातून हाकलून दिलं तरी चालेल. मारावीच, असंही वाटत होतं.

त्या वेळेवर आल्या. साधी करड्या रंगाची साडी, हातात एक उशी, सिमेंट गार लागतं म्हणून ब्रेक्या आणायचा तीच. टेलरनं फुलं दिली, क्लबचा अध्यक्ष काहीबाही बोलला, मिनिटभर सगळे मान खाली घालून उभे राहिले. मग त्या माझ्या शेजारी, त्याच्या जागेवर बसल्या आणि गुळगुळीत पायरीकडे बघत राहिल्या. पूर्वार्धात मी काही बघितलं नाही. आमचा गोल झाला तेव्हा लोक उठले म्हणून उठलो. मध्यंतराला सगळे चहाला खाली गेले, आमच्या रांगेत आम्ही दोघंच उरलो. मी त्यांच्याकडे वळलो. म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी फोनवर त्यानं स्कोअर नव्हता विचारला.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

मैदानावर दोन माणसं फुटक्या नळीनं पाणी मारत होती, त्यांच्याकडे बघत त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा अंतिम सामना चालू होता. नर्सच्या टेबलावर रेडिओ लावलेला, तर ब्रेक्या कानांत बोटं घालून जिन्यात जाऊन उभा राहिला. मुलगी झाली हे सांगायला नर्सला जिना उतरावा लागला, आणि तिला येताना बघून हा ओरडला, सांगू नका, सांगू नका. त्या बिचारीला वाटलं ह्याला मुलगी नकोय, ती रागावून परत फिरली. सांगताना वहिनी थोड्या हसल्या, मीही हसलो, वर्षात पहिल्यांदा त्याच्या आठवणीनं हसलो. मग त्या म्हणाल्या, तुमचा नियम आमच्या घरात आमच्यापेक्षा जास्त पाळला जायचा, भाऊजी. असा माणूस किती झाले म्हणून विचारील? व्हरांड्यातच कळलं मला.

मग बोलला का नाहीत, मी विचारलं. म्हटलं, मला सांगू द्या. मी काय बोललो ते एकदा ऐका आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा. वहिनींनी हात वर केला, वाहन थांबवतात तसा.

“नाही सांगायचं,” त्या म्हणाल्या. “मला तुमचा राग आहे. वर्षभर आहे. कशाचा ते मला माहीत नाही, आणि करून घ्यायचं नाही. ते कळलं तर मी तुमच्याशी परत कधी बोलू शकणार नाही. आणि ह्यांच्याबद्दल बोलायला मला दुसरं माणूस कोण उरलंय? मुलगी ऐकवत नाही म्हणते. नातेवाइकांना फुटबॉल कळत नाही. तुम्ही सांगून मोकळे व्हाल, भाऊजी. मी ते घेऊन घरी एकटी जाऊ?”

लोक चहाचे कप सांभाळत परत यायला लागले. टेलरनं आम्हा दोघांच्या हातात कप दिले आणि वहिनींना विचारलं, गार नाही ना लागत. नाही, म्हणाल्या, उशी आहे. सामना पुन्हा सुरू झाला. मी कपाकडे बघत होतो. वर्षभर मला वाटत होतं की दार माझ्या हातात आहे, फक्त धीर होत नाही. धीर झाला की उघडेन. धीर झाला होता. आणि दुसऱ्या बाजूनं ते धरून ठेवलं होतं, आणि धरणारीला मी बाजूला हो म्हणू शकत नव्हतो. समोरच्यांनी दोन घातले. आम्ही एक फेडला. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट आलं तेव्हा सगळे उठले, त्यांनी विचारलं, आणि वळून माझ्याकडे बघत थांबले. माझे पाय उठेनात. खरंच उठेनात. चार हजार माणसं गप्प, खेळ चालू, बॉलला बसलेली लाथ ऐकू येत होती.

“उठा,” वहिनी हळूच म्हणाल्या. “लोक थांबलेत.”

मी उठलो आणि ओरडून सांगितलं, दोन-दोन. टाळ्या झाल्या. वहिनींनीही वाजवल्या.

शेवटची शिट्टी झाली, तेवढ्यावरच सुटलं. लोक पांगले तरी त्या बसून राहिल्या. मैदान रिकामं होईपर्यंत मी शेजारी उभा होतो. मग त्यांनी उशी झटकली, दुमडून काखेत धरली, आणि पायऱ्या उतरता उतरता विचारलं की पुढचा सामना कधी आहे. मी सांगितलं, येत्या रविवारी, साडेतीनला. आणि त्यानंतरचा? त्याच्या पुढच्या रविवारी, साडेतीनलाच. मोसम संपायला अजून किती आहेत, त्यांनी विचारलं. मी मोजून सांगितले, अकरा.

“मग मी सव्वातीनला येत जाईन,” त्या म्हणाल्या. “तुमच्या शेजारची जागा धरून ठेवा.”

बरं, म्हणालो.